रवाळ फोटो, गुळगुळीत फोटो आणि एक पाल

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय नॉइज. आवाज नव्हे, फोटोतला नॉइज. तुम्ही एखादा कोळी, बेडूक किंवा फुलावरचा भुंगा अगदी जवळून टिपता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला की सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसतं. सावलीत तांबडे-हिरवे ठिपके दिसतात. तूप रवाळ असावं, फोटो रवाळ असू नये, असं माझं साधं मत आहे.

पण आज मी फक्त सेटिंग सांगायला बसलेलो नाही. नॉइज घालवायच्या नादात मी एक चूक केली, तिच्यापासून सुरुवात करतो. कारण ती चूक आता दिवसेंदिवस जास्त सोपी होत चालली आहे.

दाजीपूरच्या वाटेवर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता. रविवारी मी आणि एक मित्र कोल्हापूरहून राधानगरी करत दाजीपूरच्या दिशेने निघालो होतो. तुम्हाला तो रस्ता माहीत असेल, पुढे फोंडा घाट उतरून कोकणात जातो. एके ठिकाणी चहा प्यायला थांबलो. बाजूला झाडीत एक ओलसर, शेवाळलेला खडक होता आणि त्यावर बोटाएवढी एक पाल बसलेली होती. घरातल्या पालीसारखी नाही. बारीक, तपकिरी, डोळ्याची बाहुली गोल. दिवसा हिंडणारी पाल.

दुपारचे साडेचार वाजले असतील. झाडाखाली चांगलाच अंधार. फ्लॅश बॅगेत होता, पण म्हटलं फ्लॅश मारला तर पळून जाईल. मग काय, एफ ८, एकशेपंचविसावा भाग सेकंद आणि आयएसओ ६४००. तरीही फोटो जवळपास दीड स्टॉप काळा आला. स्टॉप म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी सांगतो. एक स्टॉप वर म्हणजे प्रकाश दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. पाच-सहा फोटो काढले तोवर पाल खडकाच्या फटीत गेली.

घरी येऊन फोटो उजळला. रवाच रवा! मग एआयवालं डीनॉइज चालवलं. अ‍ॅडोबीच्या लाइटरूममध्ये ते २०२३ च्या एप्रिलमध्ये आलं, तसंच काम करणारी इतरही सॉफ्टवेअर आहेत. एक बटण दाबलं, थोडा वेळ थांबलो आणि जादू झाली. पालीच्या पाठीवरचे खवले एकसारखे, ओळीत, मोत्यासारखे. मी फोटो टाकला, लोकांनी ‘लई भारी’ म्हणून कौतुक केलं. लॅपटॉपची डिस्क भरत आली होती. तयार जेपेग ठेवले आणि मूळ रॉ फाइली उडवल्या.

दोन-अडीच महिन्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका ओळखीच्या मित्राने तो फोटो पाहिला आणि फोन केला. त्याने विचारलं, “पाठीवरचे खवले सगळे एकाच आकाराचे आहेत की मध्ये मध्ये मोठे दाणेदार आहेत? कुशीवर काट्यासारखे उंचवटे आहेत का?” मी ऐटीत म्हटलं, “बघ की, फोटोत सगळं स्वच्छ दिसतंय. एकसारखे आहेत.” तो म्हणाला, “ते दिसतंय रे. पण ते पालीचे आहेत की सॉफ्टवेअरचे? रॉ पाठव.”

रॉ नव्हती.

खवल्यांचं एवढं काय?

तुम्ही म्हणाल, खवल्यांवर एवढं काय अडलंय? तर बघा. या पाली निमास्पिस नावाच्या प्रजातीतल्या (जीनसमधल्या) आहेत. सह्याद्रीच्या आपल्या पट्ट्यात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अशा त्यांच्या बऱ्याच जाती आहेत. २००९ मध्ये दाजीपूरच्या भागातून एका जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तिला आपल्या जिल्ह्याचंच नाव मिळालं, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. २०१४ मध्ये कासच्या भागातून निमास्पिस गिरी आली, २०१६ मध्ये आंबोलीतून निमास्पिस फ्लॅविव्हेंट्रॅलिस. रंगावरून या ओळखता येतीलच असं नाही. खवल्यांची रचना, मोठे दाणे आहेत की नाहीत, कुशीवरचे काटेरी उंचवटे, नराच्या मांडीजवळची छिद्रं, अशा गोष्टींवर खरा निवाडा होतो.

म्हणजे माझ्या फोटोतली जी गोष्ट कामाची होती, नेमकी तीच मी पुसली होती, आणि तिच्या जागी सुंदर दिसणारं काहीतरी बसवलं होतं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरच्या लॉगमधल्या गहाळ ओळी कुणी अंदाजाने भरून दिल्या आणि वर म्हणाला, बघा किती नीट दिसतोय लॉग, तर मी त्याला उभा-आडवा झापेन. तेच मी इथे स्वतः केलं होतं.

तेव्हापासून नॉइज हा प्रकार मुळापासून समजून घ्यायला लागलो.

गच्चीवरच्या वाट्या

नॉइज येतो कुठून? बहुतेकांचं उत्तर, आयएसओ वाढवल्यामुळे. हे अर्धवट खरं आहे.

असं समजा, पावसाची बारीक भुरभुर चालू आहे. तुम्ही गच्चीवर शंभर सारख्या वाट्या मांडल्या आणि दोन सेकंदांत उचलल्या. एकीत चार थेंब, दुसरीत नऊ, तिसरीत सहा. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, पण थेंब असे मोजून-मापून पडत नाहीत. आता त्याच वाट्या अर्धा तास ठेवा. सगळ्या जवळपास सारख्या भरलेल्या दिसतील.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक वाटी आणि प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. याचं गणित सोपं आहे. सरासरी जितके कण, त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार. सरासरी १०० कण आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. पायथॉन येत असेल तर पॉइसाँ वितरणाने आकडे काढून चार-पाच ओळींत करडी चित्रं तयार करून बघा. कॅमेरा नाही, आयएसओ नाही, तरी रवा दिसतो. म्हणजे हा नॉइज प्रकाशाचाच आहे. कितीही महागडा कॅमेरा घ्या, तो राहणारच.

याशिवाय कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज असतो. वाट्या मोजताना होणारी चूक म्हणा. त्याला रीड नॉइज म्हणतात, तो गडद सावल्यांत जास्त जाणवतो. लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सर तापल्याने येणारे चकाकते ठिपके हा तिसरा प्रकार. आपलं काम बहुतेक सेकंदाच्या छोट्या भागातलं असतं, त्यामुळे तो आपल्याला फारसा छळत नाही.

मग आयएसओ काय करतो? तो आलेल्या प्रकाशाचा आकडा मोठा करून दाखवतो. वाटीत थेंब चारच आहेत, तुम्ही भिंग लावून बघताय, एवढंच.

मॅक्रोत प्रकाश जातो कुठे?

जवळून फोटो काढताना हा त्रास जास्त का? कारण तीन बाजूंनी प्रकाशाची गळती होते.

पहिली, लेन्स पुढे सरकते. वस्तू जितकी मोठी दिसते, तितका प्रकाश कमी पोचतो. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी पडली, म्हणजे एकास एक, की तुम्ही लावलेल्या एफ-आकड्याची दुप्पट करायची. एफ ८ लावलं तरी प्रकाश एफ १६ चा. दोन स्टॉप गेले. निकॉनचा कॅमेरा हा बदललेला आकडा दाखवतो, कॅननचा दाखवत नाही. म्हणून दोघे मित्र शेजारी उभे राहून एकमेकांचे आकडे ताडून बघत असतील, तर घोळ होतो.

दुसरी गळती आपण स्वतः करतो. एकास एकला एफ ११ लावूनसुद्धा नीट फोकसमध्ये येणारी जाडी एक मिलिमीटरच्या आसपासच असते. माशीचे डोळे आले तर पंख जातात. म्हणून आपण छिद्र आणखी बारीक करतो. त्यालाही मर्यादा आहे. फार बारीक केलं की विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो.

तिसरी, हलणं. या मोठेपणावर तुमचा श्वाससुद्धा भूकंप असतो. गवताच्या पात्यावरचा किडा वाऱ्याने हलतो. म्हणून शटर वेगवान ठेवावं लागतं. तिन्ही एकत्र आल्या की वाटीत थेंब उरतात किती?

आईच्या साजावरचा प्रयोग

हे पटावं म्हणून मी घरी एक प्रयोग केला, तुम्हीही करा. आईचा कोल्हापुरी साज घेतला. त्यातली कमळ, मासा, कासव, चंद्र अशी पानं मॅक्रोसाठी फार छान, आणि मुख्य म्हणजे ती हलत नाहीत. संध्याकाळी खिडकीजवळ टेबल, ट्रायपॉड, एफ ११.

पहिला फोटो आयएसओ १०० ला, चार सेकंद. स्वच्छ. कासवाच्या पाठीवरची रेघ न् रेघ दिसते.

दुसरा आयएसओ ६४०० ला, पंधरावा भाग सेकंद. उजेड दिसायला तेवढाच, पण रवाळ. साहजिक आहे, सेन्सरला प्रकाश चौसष्टपट कमी मिळाला. वर्गमूळ काढा, फोटो आठपट वाईट.

तिसरा महत्त्वाचा. शटर तेच, पंधरावा भाग, पण आयएसओ ४००. फोटो जवळजवळ काळा आला. मग कॉम्प्युटरवर चार स्टॉप उजळला. लोकांना वाटतं आयएसओ कमी म्हणजे नॉइज कमी. माझ्या कॅमेऱ्यात हा तिसरा फोटो दुसऱ्यापेक्षा वाईट आला, विशेषतः सावल्यांत. काही नवीन सेन्सरमध्ये दोन्ही सारखे येतील. पण चांगला येणार नाही. धडा असा की आयएसओला घाबरून फोटो काळा काढू नका. दाजीपूरला माझं तेच झालं होतं.

चौथ्या प्रयोगात दुसऱ्यासारखेच सोळा रवाळ फोटो काढले आणि त्यांची सरासरी घेतली. नॉइज एक चतुर्थांश झाला. चार फोटोंनी निम्मा होतो, सोळांनी पाव. मोबाइलचा नाइट मोड साधारण हेच करतो. पण वस्तू जागची हलता कामा नये. साज, नाणं, शिंपला, बुरशी, खडकावरचं दगडफूल यांना हे चालतं. पालीला कोण सांगणार? आणि फोकस स्टॅकिंग ही गोष्ट वेगळी आहे बरं का. त्यात प्रत्येक फोटोतला फक्त धारदार भाग उचलला जातो, सरासरी होत नाही, त्यामुळे नॉइज तसा कमी होत नाही.

फ्लॅशला घाबरू नका

मग जंगलात काय करायचं? प्रकाश आपण न्यायचा.

खरं तर कोल्हापूरकराला हे सांगायची गरज नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं, आणि आपल्या देशात हे पहिल्यांदाच झालं असं सिनेमाचा इतिहास सांगतो. सूर्य मावळला म्हणून ते थांबले नाहीत.

आता मी जंगलात असं ठेवतो : मॅन्युअल मोड, एफ ११, दोनशेवा भाग सेकंद, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर सोळावा भाग. आयएसओ ६४०० ऐवजी २०० म्हणजे सेन्सरला बत्तीसपट जास्त प्रकाश. शिवाय कमी ताकदीवर फ्लॅशची चमक फार छोटी असते, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडी मागेपुढे. त्यामुळे हात थरथरला तरी फोटो गोठतो.

फ्लॅशचे फोटो भगभगीत येतात ही तक्रार खरी आहे, पण दोष फ्लॅशच्या आकाराचा आहे. उघडा फ्लॅश म्हणजे छोटा, कडक दिवा. त्यासमोर पांढरा, अर्धपारदर्शक पडदा धरा. पडदा जितका मोठा आणि वस्तूच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. मी स्टेशनरीच्या दुकानातली पांढरट प्लास्टिकची फाइल कापून, वाकवून लेन्सच्या पुढच्या टोकावर बसवली आहे. दिसायला भयानक आहे, रस्त्यावरचे लोक हसतात. कामाला उत्तम.

मागचं सगळं काळं पडतं, ही दुसरी तक्रार. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. त्यावर दोन उपाय. वस्तूच्या लगेच मागे एखादं पान येईल असा कोन शोधायचा, नाहीतर आयएसओ ८०० पर्यंत नेऊन आणि शटर थोडं सावकाश करून मागचा नैसर्गिक उजेड थोडा आत घ्यायचा.

आणि एक कळकळीची गोष्ट. रात्री बेडकांवर, पालींवर फ्लॅशचा मारा करू नका. चार-पाच फोटो, मग टॉर्चसुद्धा बाजूला. हातात धरून, पानावर बसवून फोटो तर नकोच.

हिस्टोग्राम उजवीकडे

काढतानाच आणखी एक सवय लावा. हिस्टोग्राम बघा. आकृतीचा ढीग शक्य तितका उजवीकडे असू द्या, पण भिंतीला आपटू देऊ नका, कारण उडालेला पांढरा परत येत नाही. भुंग्याची पाठ, बेडकाची ओली कातडी चमकते, तिथे जरा सांभाळून. किंचित उजळ काढलेला फोटो नंतर खाली आणला की सावल्या स्वच्छ राहतात. काळा काढून वर आणला की रवा वर येतो. आणि काढायचं रॉमध्येच. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच नॉइज पुसतो, किती पुसायचं ते तुम्हाला फारसं विचारत नाही.

सॉफ्टवेअर : कुठे थांबायचं

एवढं करूनही थोडा नॉइज राहतो. तिथे सॉफ्टवेअर. पैसे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि चांगलं आहे. त्यात तुमच्या कॅमेऱ्याच्या आयएसओप्रमाणे तयार मोजमाप असतं.

माझा क्रम सांगतो. आधी रंगाचा नॉइज, ते तांबडे-हिरवे ठिपके. तो बिनधास्त काढा, तपशील फारसा जात नाही. मग उजेडाचा नॉइज, तो हात राखून. मागच्या धूसर भागावर जास्त, प्राण्याच्या अंगावर कमीत कमी. मास्क वापरा, आळस करू नका. शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि फक्त कडांवर, नाहीतर तुम्ही रव्यालाच धार लावता. आणि फोटो मोबाइलवर किंवा वेबवर जाणार असेल तर आधी लहान करून बघा. ६००० बाय ४००० चा ३००० बाय २००० केला की चार पिक्सेलांचा एक होतो, म्हणजे नॉइज आपोआप निम्मा. कित्येकदा तेवढंच पुरतं.

आता एआय डीनॉइज. मी त्याच्या विरोधात नाही, अजूनही वापरतो. पण ते काय करतं हे माहीत असू द्या. त्याला असंख्य रवाळ आणि स्वच्छ फोटोंच्या जोड्या दाखवून शिकवलेलं असतं. तुमच्या फोटोत खूण शिल्लक असेल तर ते ती छान वर काढतं. पण जिथे खूणच नॉइजमध्ये बुडाली आहे, तिथे ते अंदाज करतं : पालीची पाठ आहे, म्हणजे खवले असे असावेत. अंदाज दिसायला इतका सुंदर असतो की तुम्हाला शंकाच येत नाही. साध्या सॉफ्टवेअरची चूक ओळखू येते, फोटो मेणासारखा दिसतो. याची चूक खऱ्यासारखी दिसते. खरा धोका इथे आहे.

म्हणून मी स्वतःला तीन नियम घालून घेतलेत. रॉ उडवायची नाही, डिस्क भरली तर नवीन डिस्क घ्यायची. आयनॅचरलिस्टवर किंवा कुठल्याही नोंदीसाठी फोटो देताना एआय वापरलं असेल तर तसं लिहायचं आणि न पुसलेला रवाळ फोटोही सोबत जोडायचा. आणि एआयच्या फोटोत नवीन काही तपशील ‘सापडला’, तर मूळ फाइल शंभर टक्के मोठी करून तिथे तो आहे का ते बघायचं. मुळात नसेल तर तो तपशील माझ्या पालीचा नाही.

त्या खडकाकडे मी त्यानंतर तीनदा गेलो. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा तिथून जरा पुढच्या बांधावर एक पाल दिसली. फाइलचा तो विचित्र पडदा लावून चार फोटो काढले, आयएसओ ४००. मित्राला रॉ पाठवल्या. त्याने खवले मोजले, कूस बघितली, म्हणाला, हे कामाचं आहे. मग विचारलं, “पहिलीच का ही?” मी म्हटलं, माहीत नाही. आता ते कधीच कळणार नाही.

तर मंडळी, रवाळ का असेना, मूळ फाइल जपा. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, सोबत रॉ असेल तर उत्तमच. पुढच्या भागात घरच्या घरी डिफ्यूझर कसा बनवायचा ते मोजमापासह सांगतो. भेटूया.